माझं तू सांग, तुझं मी सांगते

मी तोंडाची फटकळ आहे. सासरी, माहेरी, गावात, नायगावच्या आठवडी बाजारात, सगळीकडं माझी हीच ख्याती. वांग्यात एक जरी किडकं निघालं तरी मी भाजीवाल्याला अख्खी टोपली उलटी करायला लावायची. एकदा कंडक्टर एका म्हाताऱ्या बाईला अरेतुरे करायला लागला म्हणून मी नरसीच्या फाट्यावर एस.टी. अडवून धरली होती. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला कुलूप मिळालं तर किल्ली मी स्वतः विहिरीत टाकून येईन. आता मी नांदेडला लेकीकडं असते. गुडघे कुरकुरतात, पण तोंडाचं काही बिघडलेलं नाही.

अशी मी, पण दवाखान्यात गेले की मुकी व्हायची. आमचे मालक खुर्चीवर बसायचे, मी स्टुलावर. डॉक्टर माझी नाडी धरायचे आणि विचारायचे त्यांना, "काय होतंय यांना?" मालक सांगायचे, "अशक्तपणा हाय. चांगलं टॉनिक द्या." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहायची. यात त्यांचा तरी काय दोष? येताना रस्त्यात ते मला विचारायचे, "काय सांगू गं डॉक्टरला?" आणि मीच म्हणायची, "सांगा, अशक्तपणा हाय म्हणून." लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मला अशक्तपणा सोडून दुसरं काही झालंच नाही. तापाचं आणि विंचवाचं तेवढं वेगळं, ते सांगायला लाज नव्हती.

लेकीला दहावीला चांगले मार्क पडले आणि अकरावी-बारावीसाठी लातूरला जायचं ठरलं. भूकंप होऊन काही वर्षं झाली होती. आधी लातूर म्हटलं की लोक 'अरे देवा' म्हणायचे, मग हळूहळू 'पोरगी कोणत्या बॅचला?' असं विचारायला लागले. पोरांच्या मागं त्यांच्या आया जायच्या. एक खोली, एक स्टोव्ह, दोन गाद्या, आणि दोन वर्षं पोरांना गरम जेवण. नवरे गावाकडं शेती बघत आणि सासवांच्या हातचं खात. माझ्या सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण नातीच्या मार्कांपुढं त्यांचंही काही चाललं नाही.

आम्हाला खोली मिळाली ती एका मुसलमान शिलाईवालीच्या घरामागं. तिला आम्ही सगळ्या आपा म्हणायचो. तिचे मियाँ गंजगोलाईच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे आणि ती घरी ब्लाऊज शिवायची. मागच्या ओळीत तीन खोल्या होत्या. एका खोलीत मी, दुसरीत भोकरकडची एक अगदी गरीब स्वभावाची बाई आणि तिसरीत देगलूरची एक, जी हसायला लागली की पत्रे वाजायचे. आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारायचो. भोकरवाली, देगलूरवाली आणि मी नायगाववाली.

त्या ओळीत एक शब्द सारखा ऐकू यायचा, 'बारावी झाल्यावर'. दात दुखतोय? बारावी झाल्यावर. माहेरचं लग्न? बारावी झाल्यावर. देगलूरवालीनं तर एकदा उंदीर दिसला तेव्हा म्हटलं, "राहू दे त्याला, बारावी झाल्यावर बघू." सगळ्याजणी पोट धरून हसलो.

लातूरला आल्यावर एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली, ती सांगते. गावाकडं पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं. ताटवाटी वेगळी, घोंगडी वेगळी, चुलीकडं फिरकायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की बाई मोकळी. लातूरच्या खोलीत बाजूला म्हणजे कुठं बसणार? दाराबाहेर नाली होती. आणि मी बसले तर लेकीनं स्वयंपाक करायचा की फिजिक्स? पहिल्या महिन्यात मी भीत भीत स्टोव्ह पेटवला, वरण-भात केला, देवाची क्षमा मागितली. वरण नासलं नाही, देव कोपला नाही, लेक दोन वाट्या जास्त जेवली. मी मनातल्या मनात इतकी खूश झाले की त्या दिवशी स्वतःसाठी वेगळी भजी तळून खाल्ली.

पण त्या सुखात एक खोट होती, ती मला उशिरा कळली. गावाकडं निदान सासूला, जावांना माहीत असायचं की ही कधी बसली आणि कधी उठली. लातूरला माझे दिवस मोजणारं कुणीच नव्हतं. पहिलं वर्ष निम्मं सरलं तेव्हा चाराचे आठ झाले, आठाचे बारा, मग पंधरा. महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायला लागलं. फडकी धुवायची आणि वाळत घालायची ती साडीखाली झाकून, लेक क्लासला गेल्यावर. नळावरून घागर आणताना छाती भरून यायची. मधेच टेकायला लागले की भोकरवाली विचारायची, "काय झालं हो?" मी म्हणायची, "कुठं काय? चप्पल रुतली."

हे पहिल्यांदा पकडलं आपानं, आणि तेही टेपनं. दिवाळीचा ब्लाऊज शिवायला मी माप द्यायला गेले. तिनं टेप लावली, वहीत बघितलं, परत टेप लावली.

"भाभी, एक बात बोलू? राग नको येऊ द्या."

"बोला की."

"रमजानच्या आधी एक ब्लाऊज आत घेतला तुमचा. राखीला परत घेतला. आता तिसऱ्यांदा. अंग कुठं चाललंय तुमचं?"

"काम पडतं हो."

"काम तर मलाबी पडतं. माझं तर सुटत चाललंय." तिनं टेप गळ्यात टाकली आणि माझ्या डोळ्याची पापणी अंगठ्यानं खाली ओढली. "अल्लाह! पांढरं फटक हाय. भाभी, खरं सांगा, जास्त जातं काय?"

मला इतका राग आला म्हणून सांगू! चोरी पकडली की येतो तो राग. मी म्हटलं, "तुम्ही ब्लाऊज शिवा, डॉक्टरकी करू नका," आणि तरातरा खोलीत आले. आले आणि बसून राहिले. कारण आपानं विचारलेले शब्द मी आधी एकदा ऐकले होते. उलट्या बाजूनं.

माझी थोरली बहीण औसा तालुक्यात दिलेली होती. भूकंपात तिचं घर बसलं. ती आणि तिची माणसं वाचली, पण शेजारचं घरच्या घर गेलं. मी भेटायला गेले तेव्हा ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. बाहेर डॉक्टरांचे तंबू होते, कुणाचा हात प्लॅस्टरमध्ये, कुणाचा पाय. भाकरी थापता थापता ती हळूच म्हणाली, "माझं लई जातंय गं अंगावरून. थांबतच न्हाई." आणि मी, एस.टी. अडवणारी मी, काय बोलले? म्हटलं, "अगं, लोकांची माणसं गेलीत. हे काय आता बोलायचं हाय का? गप्प राहा." ती गप्प राहिली. दोन वर्षांनी ती गेली. सगळे म्हणाले, भूकंपाचा धसका घेतला. मीही मान हलवली. धसका म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. तिच्या दहाव्याला मी एवढी रडले, पण कशानं गेली ते माझ्या तोंडून कुणाला कळलं नाही. अजून वाटतं, तेव्हा माझी जीभ का झडली नाही.

आता तेच माझ्या अंगात होतं. मला वाटायचं, मी पण त्याच वाटेनं चालले आहे. लेकीची बारावी तीन-चार महिन्यांवर, आणि ती आणि मी एका खोलीत. माझं काही बरंवाईट झालं तर तिनं ते वर्ष कसं काढायचं? मी लेकीला काही कळू दिलं नाही. ती दिव्याखाली पाठांतर करायची आणि मी भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग करायची.

दोन दिवसांनी मी आपाकडं गेले आणि म्हटलं, "हाव, जातं जास्त." आपानं शिलाई मशीन थांबवली. ती म्हणाली, चौकात एक डॉक्टरीण बाई आहे, चला. मी म्हटलं, "मला नाही जमणार. डॉक्टरपुढं गेले की माझी दातखीळ बसती." आपा हसली. म्हणाली, "मला कोणतं जमतं? मशीन मारताना थेंब थेंब होतं, हसले तरी होतं. सहा वर्षं झाली, मियाँला पण माहीत न्हाई."

हे बोलणं भिंतीपलीकडं गेलं असणार, कारण देगलूरवाली दारात येऊन उभी राहिली. "अय्यो, तुमचं बी हाय का काही? मला तर खाजवून खाजवून जीव नको झालाय, पांढरं जातंय वर्षापासून." मागून भोकरवाली आली. ती नुसती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली. मग तिला मीच आत नेलं आणि तिनं माझ्या कानात सांगितलं. तिसऱ्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर यायचं. बारा वर्षं. बसताना, उठताना, नळावर, शेतात. ती हातानं आत ढकलायची आणि कामाला लागायची.

युक्ती देगलूरवालीची. ती म्हणाली, "स्वतःचं सांगायला लाज वाटते ना? मग माझं आपा सांगतील, आपाचं मी सांगते. तुम्ही दोघी एकमेकींचं सांगा." आम्हाला ते एकदम पटलं. दुसरीचं सांगायला कसली लाज? तिच्या सुनेचं, हिच्या नणंदेचं, आम्ही जन्मभर हेच तर करत आलो होतो. आपाच्या खोलीत कापडाच्या चिंध्यांत बसून आम्ही एकमेकींना धडे दिले. भोकरवालीनं तिचं सगळं मला सांगितलं, काही म्हणता काही मागं ठेवलं नाही. मी तिला माझं सांगितलं. आणि इथं मी माती खाल्ली. तिचं एवढं ऐकल्यावर मला माझं सांगायला कसंतरीच वाटलं. मी फटाफट बोलणारी, मीच सगळ्यांची पुढारी, आणि मी अशी खंगलेली? मी म्हटलं, "सांगा, पाच-सहा दिवस जातं, थोडं जास्त." तिनं ते तीनदा घोकलं.

डॉक्टरीण पन्नाशीची, चष्मा नाकावर, बोलायला तोडून. आम्ही चौघीजणी एकदम केबिनमध्ये शिरलो. ती म्हणाली, "पेशंट कोण?" देगलूरवाली म्हणाली, "सगळ्या."

"एक एक सांगा."

"माझं ह्या सांगतील," देगलूरवाली म्हणाली आणि आपाकडं बोट केलं.

डॉक्टरीण बाईनं चष्मा काढला, आमच्याकडं बघितलं, परत घातला. मला वाटलं, आता हाकलते. पण ती म्हणाली, "बरं. सांगा." आणि सुरू झालं. आपानं देगलूरवालीचं सांगितलं, देगलूरवालीनं आपाचं सांगितलं आणि मधेच हसली, मग आपा हसली, मग आपा 'थांबा थांबा' करत बाथरूम शोधायला धावली. डॉक्टरीण बाईलाही हसू आवरेना. मी भोकरवालीचं सांगितलं. काय सांगू तुम्हाला, मी वकिलासारखी बोलले. कधीपासून, किती, कोणत्या कामाला जास्त, रात्री लघवीला त्रास, नवरा जवळ आला की काय होतं, सगळं. भोकरवाली पदरात तोंड घालून मान डोलवत होती. डॉक्टरीण म्हणाली, "शाबास. असं सांगितलं पाहिजे पेशंटनं." मी फुगले.

मग भोकरवाली उठली, पाठ केल्यासारखं म्हणाली, "ह्यांचं पाच-सहा दिवस जातं. थोडं जास्त." आणि बसली. डॉक्टरिणीनं लोहाच्या गोळ्या लिहिल्या. म्हणाली, "यांचं ठीक आहे, तीन महिन्यांनी दाखवा." भोकरवालीला तपासून उपाय सांगितला, आपाला व्यायाम शिकवला, देगलूरवालीला औषध दिलं आणि नवऱ्यालाही द्यायला सांगितलं. त्यावरून रस्ताभर आमची करमणूक झाली.

चौकात रसवंतीवर आम्ही उसाचा रस घेतला. भोकरवाली असं मोकळं बोलताना मी पहिल्यांदा बघत होते. ती माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुम्ही माझं एक अक्षर सोडलं न्हाई. माझ्या आईला बी असं सांगता आलं नसतं." तिचा चेहरा असा उजळला होता. ती आपलं सगळं माझ्या हवाली करून मोकळी झाली होती, आणि मी तिच्या हाती काय दिलं होतं? पाच-सहा दिवस, थोडं जास्त. ती बिचारी तेवढंच सांगणार. बहिणीला मी गप्प केलं, आता स्वतःलाही गप्प करून लोहाच्या गोळ्या घेऊन निघाले होते.

मी ग्लास ठेवला. "तुम्ही प्या, मी आले," म्हटलं आणि दवाखान्याकडं चालायला लागले. मागून देगलूरवाली ओरडली, "कुठं चालला हो?" मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर गेले नसते.

बाहेरची पोरगी म्हणाली, "तुमचा नंबर झाला की." मी म्हटलं, "माझा व्हायचाय," आणि दार ढकललं. डॉक्टरीण बाई डबा खात होती. माझी छाती लोहाराच्या भात्यासारखी चालत होती. मी उभी राहूनच बोलायला सुरुवात केली.

"बाई, मघाशी तिनं सांगितलं ते खोटं हाय. तिचं खोटं न्हाई. मी तिला खोटं सांगितलं. माझं पंधरा दिवस जातं. कधी सतरा. गाठी पडतात. वर्ष होत आलं. घागर उचलत न्हाई. जिना चढले की डोळ्यापुढं अंधारी येती. माझी बहीण अशीच गेली. तिनं मला सांगितलं होतं आणि मीच तिला गप्प राहा म्हटलं."

एवढं मी आयुष्यात कधी एका दमात बोलले नव्हते, आणि मी म्हणजे मी. डॉक्टरिणीनं हातातला घास डब्यात ठेवला, हात धुतला, आणि म्हणाली, "बसा. पाणी प्या. आता परत सांगा, सावकाश. कुठलीच घाई नाही." मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. तिसऱ्यांदा तर मी तिच्या टेबलावरच्या कागदावर दिवस मोजून दाखवले.

तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. पिशवीत गाठ होती. पिशवीच्या आतला तुकडा तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. ते आठ दिवस कसे काढले ते मला विचारू नका. भोकरवालीनं मला भांड्याला हात लावू दिला नाही. ती माझ्यावर रुसलीही होती. "माझं सगळं घेतलंत आणि तुमचं झाकून ठेवलंत," म्हणाली. मी तिचे पाय धरले, तर ती आणखी रुसली. शेवटी देगलूरवालीनं दोघींच्या तोंडात एक एक लाडू कोंबला.

आठव्या दिवशी डॉक्टरीण म्हणाली, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. पण रक्त फार कमी झालंय, आधी रक्त चढवू, मग गाठ काढू. पिशवी काढायची गरज नाही." मी म्हटलं, "बारावी झाल्यावर चालेल का?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच म्हटलं, "बरं, बरं. पुढच्या आठवड्यात."

मालकांना कळवायचं होतं. गावात फोन किराणा दुकानात. आधी निरोप द्यायचा, मग थोड्या वेळानं परत लावायचा. एस.टी.डी. बूथच्या काचेबाहेर चार माणसं उभी, आणि लाईन अशी खराब की ओरडल्याशिवाय ऐकू जाईना. मी ओरडले, "माझ्या पिशवीत गाठ हाय! ऑपरेशन हाय!" काचेबाहेरची माणसं एकदम चपला बघायला लागली. तिकडून मालक म्हणाले, "घाबरू नको. मी येतो, डॉक्टरला बोलतो." मी म्हटलं, "बोलणं झालंय सगळं. तुम्ही रक्त द्यायला या."

ते दुसऱ्या दिवशी आले. बैल अंगावर आला तर न हलणारा माणूस, सुई बघून घामाघूम झाला. रक्त देऊन दोन ग्लास लिंबू सरबत प्याले आणि म्हणाले, "लग्नात छत्तीस गुण जुळले होते म्हणतात, रक्त आत्ता जुळलं." मग जरा वेळानं, जमिनीकडं बघत म्हणाले, "मला तू अशक्तपणाच सांगत आलीस गं." मी म्हटलं, "हाव. चुकलं माझं. इथून पुढं नाव घेऊन सांगत जाईन." त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

लेकीला सांगावंच लागलं. मला वाटलं होतं, ती कोसळेल. तिनं वही काढली, पिशवीची आकृती काढली, नावं लिहिली आणि विचारलं, "गाठ कुठं आहे, इथं का इथं?" म्हणाली, ही आकृती परीक्षेला हमखास येते. मी बघतच राहिले. चार बाळंतपणं माझी झाली, त्यातलं एक जगलं ते ही, आणि माझ्या पोटात काय आहे ते मी तिच्या वहीत पहिल्यांदा बघितलं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी मालक जेवायला गेले होते. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की आता एक झोप काढावी आणि उठून शेंगदाण्याची चटणी मागावी. लेक क्लासहून सरळ आली होती. दप्तर खाली ठेवून माझे पाय दाबत बसली. मग म्हणाली,

"आई, एक सांगू? रागावणार न्हाईस ना?"

"सांग की."

"दिवाळीआधीचा केमिस्ट्रीचा पेपर मी अर्धा सोडून आले होते ना. तू दोन दिवस बोलली न्हाईस माझ्याशी. मला लिहिताच येत नव्हतं. पोटात इतकं दुखत होतं की डोळ्यांपुढं पेपर दिसेना. दर महिन्याला होतं मला. मेडिकलमधून गोळ्या आणते मी. एकदम दोन-तीन खाते. कधी क्लासमध्ये उलटी होते."

माझ्या अंगातलं सगळं रक्त, मालकांचं धरून, पायात उतरलं. एका खोलीत, हाताच्या अंतरावर दोन गाद्या. 'कामून सांगितलं न्हाईस गं?' हे अगदी जिभेवर आलं. मी उठायला गेले तर टाके ताणले आणि अशी कळ आली की परत उशीवर पडले. ती घाबरली. मी हातानं खूण केली, काही नाही, काही नाही.

ती खाली मान घालून म्हणाली, "तू कधी सांगितलं न्हाईस ना काहीच. मला वाटलं, हे सांगायचं नसतं."

मी तिचा हात धरला. "सांग," म्हटलं. "पहिल्यापासून सांग. कोणत्या दिवशी जास्त, कुठं दुखतं, सगळं. मी मधे बोलणार न्हाई."

ती सांगायला लागली. आधी अडखळत, मग भराभरा. नर्स गोळी द्यायला आली, तिला मी बोटानं थांब म्हणून सांगितलं. माझी लेक बोलत होती.